गाडी काढायची की ठेवायची?

गॅरेजवाल्याने खर्चाचा आकडा सांगितला की घरात दोन पक्ष पडतात. ‘विकून टाका’वाले आणि ‘अजून पाच वर्षं कुठे जात नाही’वाले. दोघांचंही गणित बहुतेक वेळा चुकीच्या आकड्यापासून सुरू होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो येतो. वहीचं पान, निळ्या पेनाने लिहिलेली यादी. क्लच, लोअर आर्म, शॉकअप, बॅटरी, चार टायर, एसीचा कॉम्प्रेसर. तळाशी बेरीज आणि बेरजेला दोन वेळा गोल. फोटो फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड होतो आणि पाच मिनिटांत सगळ्यांना मतं फुटतात. काकांना एक ओळखीचा एजंट आठवतो. आत्तेभावाला सात सीटर हवी असते. बाबा मेसेज वाचतात, निळ्या टिका येतात, पण उत्तर येत नाही.

आपल्याकडे ‘गाडी काढणे’ याचे अर्थही मजेशीर आहेत. ‘नवीन गाडी काढली’ म्हणजे शोरूममधून घरी आणली. ‘जुनी काढून टाकली’ म्हणजे विकली. आणि ‘चल, गाडी काढ’ म्हणजे नुसतीच पार्किंगमधून बाहेर आण. दहा-बारा वर्षं झालेल्या, दीड-दोन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीच्या मालकाला हे तीनही अर्थ एकाच वेळी छळत असतात.

आत्ता पंचविशी-तिशीत असलेल्या अनेकांच्या घरी ही गाडी म्हणजे घरातली पहिली चारचाकी. बाबांनी कर्ज काढून घेतलेली, दसऱ्याला झेंडूची माळ मिरवणारी, आपण जिच्यावर हाफ क्लच शिकलो ती. बाबा रिटायर झालेत किंवा होणार आहेत, त्यामुळे तिचा निर्णय आता हळूच आपल्याकडे सरकलाय. नवी घेतली तर हप्ता आपल्याच पगारातून जाणार. म्हणून हा प्रश्न जेवढा गाडीचा तेवढाच पुढच्या पाच वर्षांच्या पगाराचाही आहे.

बहुतेक जण पहिली तुलना करतात ती अशी : गाडीची किंमत किती आणि दुरुस्तीचा खर्च किती? ‘दीड लाखाच्या गाडीवर नव्वद हजार कोण घालतं?’ ऐकायला एकदम पटतं. काही जण याचा नियमच करून टाकतात. खर्च किमतीच्या निम्म्यावर गेला की विका. विमा कंपन्यांकडेही असाच एक आकडा असतो. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल, तर ती गाडी ‘टोटल लॉस’ धरतात.

पण विमा कंपनीला तुमच्या गाडीत बसून कुठे जायचं नसतं. तिला फक्त तुमचा हिशोब मिटवायचा असतो. बाजारातली किंमत म्हणजे दुसरा माणूस तुमच्या गाडीचे किती देईल, एवढंच. ती गाडी तुम्हाला अजून किती काम देईल, हे त्या आकड्यात कुठेच नाही. दुरुस्तीचा खर्च तोलायचाच असेल तर तो जुन्या गाडीच्या किमतीशी नाही, तिच्या जागी जे काही येणार आहे त्याच्या खर्चाशी तोलायला हवा.

माझ्या एका मैत्रिणीच्या घरचंच उदाहरण घेऊ. ती पुण्यात नोकरीला, आई-बाबा कऱ्हाडला. गाडी २०१२ ची डिझेल सेदान, मीटरवर १ लाख ८७ हजार. खंबाटकीच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी मात्र निवांत, वर जळकट वास. म्हणजे क्लच प्लेट संपली. गॅरेजमध्ये नेल्यावर बाकीचीही यादी निघाली. क्लच १४ हजार, सस्पेन्शन १८, टायर २०, बॅटरी ६, एसी कॉम्प्रेसर १७ आणि दोन दरवाजे व बंपरचं डेंटिंग-पेंटिंग १५. एकूण ९० हजार. जुन्या गाड्या घेणाऱ्याने भाव सांगितला १ लाख ४० हजार. निम्म्याचा नियम लावला तर विका. विमा कंपनीचा नियम लावला तर ठेवा. घ्या!

मग तिने नव्या गाडीचं गणित मांडलं. एक्स-शोरूम ८ लाखांची साधी पेट्रोल हॅचबॅक. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल कारला एकरकमी रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ८८ हजार. इथेच थांबून बघा. जी गाडी अजून घरी आलेलीही नाही तिचा नुसता टॅक्स जुन्या गाडीच्या सगळ्या दुरुस्तीएवढा. पुढे ६ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता साधारण १२,४५५ रुपये. पाच वर्षांत भरायचे ७ लाख ४७ हजार, त्यातलं जवळपास दीड लाख व्याज.

आणि घसारा. नवी गाडी एक वर्षाची झाली की विम्याच्या कोष्टकात तिची किंमत २० टक्क्यांनी उतरते, पाच वर्षं पूर्ण होताना निम्म्यावर येते. ८ लाखांच्या गाडीचे पहिल्या वर्षातच १ लाख ६० हजार कागदावरून पुसले जातात. जुन्या गाडीचं एक बरं असतं, तिची पडायची तेवढी किंमत पडून गेलेली असते. २०१२ च्या गाडीला अजून एक वर्ष वापरलं म्हणून तिचे दीड लाख कमी होऊ शकत नाहीत. तेवढे उरलेच कुठे आहेत!

आता परत त्या ९० हजारांकडे. यादीतून डेंटिंग-पेंटिंग उडवलं. ते गाडी चालण्यासाठी नसतं, सोसायटीतल्या लोकांसाठी असतं. राहिले ७५ हजार. म्हणजे नव्या गाडीचे सहा हप्ते. दुरुस्त केलेली गाडी मोठं दुखणं न काढता सहा-सात महिन्यांपलीकडे चालली, तर खिशातून जाणाऱ्या पैशांपुरती तरी ती पुढे निघाली. या गणितात एक खोट आहे, तीही सांगायला हवी. हप्ता भरून शेवटी हातात एक गाडी उरते, दुरुस्तीचे पैसे भरून फक्त वेळ विकत मिळतो. पण कधी कधी वेळच हवा असतो. मैत्रिणीच्या डोक्यात पुढच्या वर्षीचा एक कोर्स होता. १२ हजारांचा हप्ता सुरू झाला असता तर तो गेलाच असता.

यादी हातात आली की अजून एक गोष्ट करायची. कुठला खर्च गाडी जुनी झाली म्हणून आलाय आणि कुठला ती गाडी आहे म्हणून, हे वेगळं करायचं. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, वायपर, ऑइल ही झिजणारी, संपणारी सामग्री. तीन-चार वर्षांपूर्वी घेतलेल्या गाडीलाही टायर लागतातच. वरच्या यादीतले २६ हजार तर टायर आणि बॅटरीचेच होते. क्लचही तसा त्याच जातीचा. आपण सगळ्याची एकत्र बेरीज करतो आणि म्हणतो, ‘म्हातारी खर्चाला आलीय.’

मीटरवरच्या आकड्याचंही तसंच. एक लाख पार झाले की गाडी संपली, असा समज अजून बऱ्याच घरांत आहे. टॅक्सीला लावलेल्या गाड्यांच्या मीटरमध्ये कधी डोकावून बघा, तीन लाख दिसले तरी ड्रायव्हर दादा शांत असतात. कारण किलोमीटर-किलोमीटरमध्ये फरक असतो. हायवेवर पाचव्या गिअरमध्ये पळालेले लाखभर किलोमीटर इंजिनाला आणि क्लचला फारसे कळतही नाहीत. हिंजवडीच्या नाहीतर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत काढलेले साठ हजार मात्र चांगलेच कळतात. ऑइल वेळेवर बदललंय का, हे मीटरपेक्षा महत्त्वाचं. म्हणून सर्व्हिसची जुनी बिलं ज्या बाबांनी फाइलला लावून ठेवलीत, त्यांना हसू नका. ती फाइल ठेवायची ठरवली तरी कामाची आणि विकायची ठरवली तर अजूनच.

आकडेमोडीच्या आधी गाडीची तब्येत बघायला हवी आणि तीही अशा माणसाकडून, ज्याला त्या दुरुस्तीतून काही मिळायचं नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये न्या, आधीची यादी दाखवू नका, फक्त तपासायला सांगा. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला लावा. चारातला एक बराच कमी निघाला तर व्हॉल्व्ह नाहीतर रिंग-पिस्टनचं काम जवळ आलंय. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. काही गोष्टी तर घरीसुद्धा कळतात. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतोय आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडे बोट जातं. ऑइलचं झाकण उघडल्यावर आत कॉफीसारखा दुधाळ थर दिसला तरी संशय तोच. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करताना दोन-चार सेकंद साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो? टायमिंग चेन दाखवून घ्या. ती तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि मग गणित करायला काही शिल्लकच राहत नाही.

गाडीचे सुटे भाग मिळतात का, हाही तब्येतीचाच भाग. गेल्या दशकात १.३ लिटरचं एक डिझेल इंजिन इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत होतं की लोक गमतीने त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. मूळ डिझाइन फियाटचं, मारुती आणि टाटांच्या गाड्यांमध्येही तेच, आणि आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनायचं. असल्या इंजिनाचा पार्ट नाना पेठेत किंवा कुर्ल्याला मिळणार नाही असं सहसा होत नाही. याउलट शेवरोलेने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथला उत्पादनाचा गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. अशा गाड्यांचं इंजिन ठणठणीत असतं, पण हेडलॅम्प फुटला की शोधाशोध सुरू होते. तुमच्या गाडीचा आरसा नाहीतर दरवाजाचं हँडल किती दिवसांत मिळेल, हा प्रश्न गॅरेजवाल्याला सहज विचारून बघा. उत्तर देताना तो किती वेळ गप्प राहतो, त्यावरून बरंच कळतं.

काही दुखण्यांवर मात्र पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं म्हणजे गंज. दरवाजाच्या कडेचा नाही, खालचा. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेत वाढलेल्या गाड्यांचा चासीजवळचा पत्रा, सस्पेन्शन बसवलेल्या जागा सडायला लागल्या की तिथे वेल्डिंगचं ठिगळ लावता येतं, पण अपघातात त्या ठिगळाचा भरवसा कोण देणार? दुसरं पुराचं पाणी. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. सीटच्या वर पाणी गेलेल्या गाडीची वायरिंग आणि कंट्रोल युनिट पुढे कितीही महिन्यांनी दगा देऊ शकतात. आणि तिसरं, जास्त तापून हेड वाकलेलं इंजिन. त्याचं काम होतं, पण बारा वर्षांच्या गाडीत ‘हेड उतरवलंय तर रिंग-पिस्टनही करून घेऊ’ असं करत बिल कुठे जाईल, ते गॅरेजवाल्यालाही सांगता येत नाही.

आता ज्या मुद्द्यावर वरचं सगळं गणित बाजूला ठेवावं लागतं तो. सुरक्षा. ड्रायव्हरच्या समोरची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये. एबीएसही सगळ्या नव्या कारमध्ये त्याच वर्षी आलं. शेजारच्या सीटसाठी एअरबॅग त्यानंतर. म्हणजे २०१२ चं बेस मॉडेल असेल तर त्यात यातलं काहीच नसण्याची शक्यता मोठी. ग्लोबल एनसीएपीने २०१४ मध्ये भारतात खपणाऱ्या लोकप्रिय छोट्या गाड्यांची बिगर-एअरबॅगची मॉडेल्स भिंतीवर आदळून पाहिली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी त्यांना शून्य तारे मिळाले होते. त्याच गाड्या आज दहा-बारा वर्षांच्या होऊन आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या आहेत. क्लच बदलता येतो, एअरबॅग नंतर बसवता येत नाही.

त्यामुळे गाडी कुठे चालणार आहे, हे विचारल्याशिवाय ठेवू की विकू याचं उत्तर देता येत नाही. गावातल्या गावात, दवाखाना-मंडई-देऊळ, तीस-चाळीसच्या स्पीडने? मग ठीक. पण दर शनिवारी एक्स्प्रेस-वे आणि मागे दोन लहान भाचरं बसलेली? मग हिशोब कितीही ‘ठेवा’ म्हणत असला तरी मी विकायच्या बाजूने. मैत्रिणीच्या घरी यावरून खरी वादावादी झाली. तिचे बाबा म्हणाले, ‘बारा वर्षं याच गाडीने नेलं ना गं तुला?’ त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर कुणाकडेच नसतं. शेवटी तोडगा असा निघाला की गाडी ठेवायची, पण रात्रीचा हायवे बंद. पुण्याला यायचं तर एसटीने नाहीतर ट्रेनने. आई लगेच तयार झाली. तिला म्हणे तसंही बाबांचं ड्रायव्हिंग रात्री आवडत नव्हतंच.

त्या घरात आणखी एक गंमत उघड झाली. बाबा गाडी विकायला आधीच तयार होते, कारण त्यांना वाटायचं की मुलीला या गाडीची लाज वाटते. आणि मुलगी हप्ता घ्यायला तयार होती, कारण तिला वाटायचं की बाबांना नवी गाडी हवीय. दोघांनी एकमेकांना विचारलंच नव्हतं.

गाडी ठेवायची ठरवलीत तर ‘बघू, चालतेय तोवर चालवू’ असं ठेवू नका. एक तारीख ठरवा आणि दुसरा एक आकडा. तारीख शोधायला आरसी काढा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ ची गाडी २०२७ ला त्या उंबरठ्यावर येईल. त्यानंतर आरटीओत तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. पण एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्कच ६०० वरून ५ हजार झालंय, शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १० हजार. गाडी तेव्हाही ठेवायची असेल तर तपासणीआधीचं कामही त्यात धरावं लागतं. आणि विकायची असेल तर हे सगळं घेणाऱ्यालाही माहीत असतं, म्हणून पंधरा वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन महिने उरलेत अशा वेळी बाजारात जाऊ नका.

दुसरा आकडा म्हणजे मर्यादेचा. समजा ठरवलं, आजच्या दुरुस्तीनंतर पुढच्या एका वर्षात अजून ३० हजारांवर खर्च निघाला तर चर्चा न करता विकायची. हा आकडा आधी ठरवला नाही तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ‘आत्ताच तर क्लच टाकलाय, आता कशी विकायची?’ म्हणत टर्बो टाकला जातो, मग टर्बो टाकला म्हणून इंजेक्टर. गेलेले पैसे गेले. पुढच्या बिलाचा निर्णय घेताना मागचं बिल खिशातून काढायचं नाही.

मैत्रिणीने अजून एक केलं, जे मला सगळ्यात आवडलं. दर महिन्याला ६ हजारांची आरडी सुरू केली, ‘गाडी’ नावाने. न घेतलेल्या हप्त्याच्या साधारण निम्मी. दीड वर्षात मुद्दलच १ लाख ८ हजार होते. जुनीला काही झालं तर त्यातून, नाही झालं तर पुढच्या गाडीचं डाउन पेमेंट. आणि सहा हजार बाजूला काढतानाच दमछाक होत असेल तर साडेबारा हजारांचा हप्ता झेपणार नाही, हेही बँकेत न जाता कळतं.

‘मधला मार्ग म्हणून चार-पाच वर्षं वापरलेली सेकंडहँड घेऊ’ हा सल्लाही हमखास येतो. वाईट नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा, स्वतःच्या जुन्या गाडीचे सगळे आजार तुम्हाला तोंडपाठ असतात, दुसऱ्याच्या गाडीचे नसतात. मीटर मागे फिरवणारे आजही आहेत. ४० हजार पळालेली म्हणताय, मग स्टिअरिंग गुळगुळीत आणि ब्रेक पेडलचं रबर झिजलेलं कसं? टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा, तीही बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात होती. दिल्ली पासिंगची चकचकीत डिझेल फारच स्वस्त मिळत असेल तर कारण समजून घ्या. तिथे २०१८ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाचे निर्बंध आले, म्हणून अनेक गाड्या बाहेरच्या राज्यांत विकायला येतात. इथे आणल्यावर एनओसी आणि महाराष्ट्राचा टॅक्स दोन्ही आलं. तो दिल्लीचा नियम आपल्याकडे लागू नाही, हेही सांगून ठेवते. ‘दहा वर्षं झाली, आता डिझेल बंद होणार’ म्हणत भाव पाडणारे एजंट भेटतील.

समजा विकायचंच ठरलं. मग विकण्याआधी मोठी कामं काढू नका. नवा क्लच टाकला म्हणून घेणारा १४ हजार जास्त देत नाही. गाडी आतून-बाहेरून स्वच्छ करून घ्या, बल्ब-फ्यूजसारखं किरकोळ काही असेल तर बघा आणि जे खराब आहे ते सरळ सांगा. तीन ठिकाणी भाव काढा. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीच्या ओळखीच्या कुणाच्या सौद्यावरून अपेक्षा ठेवाल तर निराशा होईल. नवी स्वस्त झाली की जुनीही उतरते. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून ठेवा, नाहीतर आरटीओचं काम तिथेच अडकतं. आणि गाडी विकायच्या नाही, मोडायच्याच लायकीची असेल तर नाक्यावरच्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे मिळणाऱ्या सर्टिफिकेटवर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये केंद्राच्या नियमानुसार २५ टक्क्यांपर्यंत सवलत राज्यं देऊ शकतात, आणि तुमच्या नावावरची नोंदणीही रीतसर रद्द होते.

विकताना विम्याचं एक विसरू नका. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्यात तो वापरता येतो. बरेच जण तो जुन्या गाडीबरोबर फुकट सोडून देतात.

पैसे खात्यात आले, किल्ली दिली, फोटो काढला म्हणजे गाडी विकली असं होत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन आरसीवर दुसऱ्याचं नाव चढेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टच सांगितलंय. गाडी मधल्या मध्ये कितीही हातांतून गेलेली असो, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याची. कोऱ्या फॉर्मवर सह्या मागणारा एजंट कितीही गोड बोलला तरी घेणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ लिहून घ्या, त्याच्या आधारची कॉपी ठेवा. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी. जुनी ई-चलनं भरून टाका. नाव बदललं की नाही ते परिवहनच्या साइटवर दर आठवड्याला तपासा, महिना उलटला तर फोन करून पिच्छा पुरवा. आणि काचेवरचा फास्टॅग काढून बँकेकडून बंद करून घ्या. नाहीतर गाडी दुसऱ्याची आणि आनेवाडीच्या टोलनाक्यावरचे पैसे तुमच्या खात्यातून.